गोडाची राखण

पालखी नऊ वाजता खालच्या वाडीत येणार असं रघू गुरवाने आदल्या संध्याकाळी स्वतः सांगितलं, आणि त्याच्या शब्दावर विसंबून दीपालीने सकाळी पावणेनऊला पोटात सुई टोचून घेतली. इथेच घोडं पेंड खायला लागलं. शिमग्यातल्या पालखीची वेळ ही एसटीच्या वेळेइतकीच भरवशाची, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण सुईला ते कोण सांगणार? सुई टोचली की अर्ध्या तासात जेवायचं, असा रत्नागिरीच्या डॉक्टरांचा हुकूम. आणि पालखी दारात येऊन ओटी भरल्याशिवाय घरच्या बाईने तोंडात शितही घालायचं नाही, हा वाडीचा हुकूम. दीपाली दोन्ही पाळायला निघाली होती. त्यात सणाचं गोड पोटात जाणार म्हणून तिने दोन आकडे जास्तच घेतले.

"आई, आज जास्त कशाला?" मनस्वी म्हणाली होती.

"पुरणपोळी खायची म्हणजे नको? तू गप ऱ्हा. नऊला पालखी, सव्वानऊला जेवण."

मनस्वी गप्प राहिली. ती थोरली, चौदा वर्षांची, नववीत. गप्प राहणं तिला चांगलं जमायचं. गेली दोन वर्षं ती तेच करत आली होती.

वाडीत कोणालाच ठाऊक नव्हतं की विनोदच्या बायकोला, दीपालीला, साखरेचा आजार आहे आणि ती रोज सुई घेते. औषधाची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे असायची. डॉक्टरांकडे जायचं तर 'बाजाराला जातंय' असं सांगून निघायचं. हा कायदा आप्पांचा. आप्पा म्हणजे मनस्वीचे आजोबा, देवीचे मानकरी, वाडीत शब्दाला वजन असलेला माणूस. "घरात दोन पोरी हायत," ते म्हणायचे. "उद्या सोयरीक घेऊन माणूस आला की पयला इचारील, आयशीला काय हाय? नि आयशीला हाय ता पोरींना व्हनार नाय कशावरून? तोंड बंद ठेवा." म्हातारा वाईट नव्हता हो. सुनेवर त्याचा जीव होता. पण माणसाचा जीव मोठा की नाव मोठं, हे त्याने कधी एकत्र तोलून बघितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत दीपालीची साखर पहिल्यांदा एकदम उतरली. मनस्वी भाताच्या रोपांच्या जुड्या बांधावरून पोचवत होती. आई चिखलात मटकन बसली आणि हसायला लागली. मनस्वीला तिने वेगळ्याच नावाने हाक मारली, स्वतःच्या लहानपणी वारलेल्या बहिणीच्या नावाने. मग पालथी पडली, तोंड चिखलात. बायका ओरडल्या, लागीर झालं, लागीर झालं. कोणी अंगारा आणायला पळाली, कोणी लिंबू. नशीब म्हणून विनोद त्या आठवड्यात मुंबईहून आलेला होता. त्याने रिक्षा करून तिला गाठोड्यासारखं रत्नागिरीला नेलं. वाडीला नंतर सांगितलं, उन्हाने चक्कर आली. आषाढात! पण सांगणाऱ्याने सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी ऐकलं.

"आणखी पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, घरात सतत असणारं आणि वाचता येणारं कोण आहे? विनोद मुंबईला कंपनीत. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. उरली मनस्वी. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं, बोटाला टोचून आकडा सांगणारं यंत्र हातात दिलं आणि शिकवलं. आकडा सत्तरच्या खाली आला, घाम फुटला, हात थरथरले, बोलणं बिघडलं, उगाच राग आला, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच साखर द्यायची. विचारत बसायचं नाही. "तू हुशार आहेस. आई आता तुझ्या हातात."

डॉक्टर बिचारे चांगल्या मनाने बोलले. पण बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात आपण काय बांधतोय, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

 तेव्हापासून वर्गात मनस्वी खिडकीजवळ बसायची, कारण तिथून वाडीची पायवाट दिसायची. पायवाटेवरून कोणी घाईने येताना दिसलं की तिला फळ्यावरचं दिसेनासं व्हायचं. आठवीत पोरांची सहल आरे-वारेच्या समुद्रावर गेली. आदल्या दिवसापर्यंत ती जाणार होती, सकाळी पोट धरून बसली. बाई म्हणाल्या, नववीत ही अशी कशी मागे पडली, पहिल्या पाचात असायची. आईने ते ऐकून तिला रागे भरलं. मनस्वीने ऐकून घेतलं. तुझ्या छातीवर हात ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही, हे आईला कसं सांगायचं?

आणि घरात सोनं नसलं तरी साखर तीन ठिकाणी लपवलेली होती. एक डबी देव्हाऱ्याखाली, एक तांदळाच्या पिंपामागे, एक पडवीत कौलांखालच्या वाशावर. मनस्वी दर रविवारी उघडून बघायची, मुंग्या लागल्या नाहीत ना.

धाकटी संस्कृती सात वर्षांची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. "त्या बारक्या पोराला काय कळतंय," सगळे म्हणायचे. तिला एवढंच माहीत होतं की आई कधी कधी बोटाला टोचून घेते आणि ताई रडकुंडीला येते. काल संध्याकाळी चुलीवर पुरण शिजत होतं, घरभर गुळाचा वास सुटला होता. ती डोळे मिटून तो वास घेत बसली होती. तेव्हा आप्पांनी तिला मांडीवर ओढून गमतीत सांगितलं, "बघ हां बाय, ह्या गोड म्हंजे तुज्या आयशीला इष हाय इष. खाल्लान की गेली. तू राखण कर." आणि हसले. संस्कृती हसली नाही. ते कोणी बघितलं नाही.

साडेनऊ झाले, दहा झाले. ढोल ऐकू येत होते, पण वरच्या वाडीतूनच. मनस्वी अंगणाच्या कडेला जांभ्याच्या गडग्यावर, बुटक्या कुंपणभिंतीवर बसून कान लावून होती. ढोल जवळ आल्यासारखे वाटायचे आणि पुन्हा तिथेच घुमायचे. पालखी घेऊन पोरं नाचत असणार. वरच्या वाडीत दोन भावांची दरवर्षीची कटकट असते, पालखी आधी कोणाच्या खळ्यात, कोणाच्या अंगणात नाचणार, म्हणून. मुंबईहून आलेले दोन्हीकडचे पुतणे त्यावरून तासभर तरी वाद घालतात. दरवर्षी मनस्वीला त्याची मजा वाटायची.

"आई, थोडं दूध तरी घे."

"ओटी भरल्याशिवाय?" दीपाली रांगोळीला रंग भरत होती. "मानकऱ्याची सून मी. माझ्या हातून असं व्हायला लागलं तर मग झालंच. येतील आता. बाबांना फोन लाव."

मनस्वीने फोन लावला. आतल्या खोलीत खुंटीवरच्या शर्टात तो वाजायला लागला. पालखीला खांदा द्यायचा म्हणून विनोद धोतर नेसून गेला होता, आणि धोतराला खिसा नसतो. आप्पा तर पालखीच्या पुढेच. घरात तिघीच.

साडेदहाला दीपालीने रांगोळीच्या पिवळ्या रंगात लाल सांडला आणि त्यावरून मनस्वीला ओरडली, मनस्वी तिथे नव्हतीच तरी. ओरडणं ऐकून मनस्वी बाहेर आली. आईच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. बाकी चेहरा कोरडा, फक्त ओठावर थेंब. 

तिने यंत्र आणलं. दीपाली बोट देईना. "सणाच्या दिवशी रगत काढतंस?" म्हणाली. मनस्वीने बळेच टोचलं. एकसष्ट.

ती देव्हाऱ्याकडे धावली. खाली हात घातला, डबी मिळाली. उघडली. रिकामी. नुसती रिकामी नव्हे, आत ओल होती, धुतल्यासारखी. ती पिंपाकडे धावली. तीही रिकामी. पडवीत स्टुलावर चढून वाशावर चाचपडलं, तिसरी डबी तिच्या हातातून खाली पडली आणि टणटण करत गेली. रिकाम्या डबीचा आवाज कसा असतो हे वेगळं सांगायला नको. स्वयंपाकघरातली साखरेची बरणी स्वच्छ घासून पालथी घातलेली होती. गुळाची ढेप पहाटेपर्यंत अर्धी शिल्लक होती, तिचं फडकं फक्त होतं. मधाची बाटली नाही. चिक्कीची पाकिटं नाहीत. पाहुण्या पोरांसाठी आणलेल्या गोळ्या नाहीत.

माणसाला भीती वाटते तेव्हा हात कापतात. पण खरी मोठी भीती वाटली की हात थंड होतात आणि स्थिर राहतात. मनस्वीचे हात थंड झाले.

"संस्कृती! साखर कुठाय?"

संस्कृती उंबऱ्यावर बसली होती, नवा परकर गुडघ्यांभोवती घट्ट आवळून. "मला नाय माहीत."

"गूळ कुठाय?"

"मला नाय माहीत गो ताई." तिने वर बघितलंच नाही.

चौकशी करायला वेळ नव्हता. दुकान वर सड्याच्या माळावर, आणि आज बंद. मनस्वी अनवाणीच गडगा ओलांडून निघाली, तोच समोरून यमुनाबाई आल्या. यमुनाबाई म्हणजे वहाळापलीकडच्या शेजारीण, साठीच्या, वाडीतल्या प्रत्येक घरात काय शिजतंय ते वासावरून सांगणाऱ्या. नवं लुगडं, हातात खणा-नारळाचं ताट. मानकऱ्याच्या घरी पालखी आधी येते, म्हणून इथेच थांबायला आल्या होत्या.

"काकी, साखर द्या. तुमच्या घरची. चावी द्या, मी जाऊन आणतंय."

"साखर? आता कशाला साखर? देवी काय च्या पिनार हाय?" आणि त्या स्वतःच्या विनोदावर हसल्या. हसता हसता मनस्वीच्या खांद्यावरून त्यांनी मागे बघितलं, आणि हसू थांबलं.

दीपाली खळ्यात उभी होती. केस सुटले होते. अंगातलं पोलकं घामाने चिंब, साडीचा पदर रांगोळीत. ती डुलत होती, डोळे उघडे पण कशावरच नव्हते, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. वरच्या वाडीतून ढोल घुमत होते, आणि ती अगदी त्या तालावर डुलतेय असं वाटत होतं.

"बाय माजे!" यमुनाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि हात जोडले. "अंगात आला गो! दीपालीच्या अंगात आला!"

"नाही काकी. आई आजारी आहे. सोडा मला."

"शिवू नको!" यमुनाबाईंनी तिचं मनगट धरलं. शेतात राबलेला हात तो, पकड सुटेना. "वारा हाय देवीचा. शिवलीस तर तुज्यावर कोपंल, नायतर तिज्यावर. गप ऱ्हा." दुसऱ्या हाताने त्यांनी ताटातली पिंजर दीपालीच्या कपाळाला भरली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट. "बाय, सांग गो माजे. माज्या लेकाच्या, बाबूच्या घरात पाळणा कदी हालंल? आठ वर्सं झाली. काय चुकला आमचा?"

"भात भिजला," दीपाली म्हणाली.

"आं?"

"भात... सगळा भात भिजला. आत घ्या."

"भिजला म्हंजे? पावसाळ्यात काय गो बाय? पावसाळ्यात व्हनार?"

मनस्वीला ओरडावंसं वाटत होतं. पण दोन वर्षं झाकून ठेवलेलं ओठांवर येत नव्हतं. आप्पांचा चेहरा डोळ्यासमोर आला. मग आईचे गुडघे दुमडले, आणि मनस्वीला चिखलात पालथं पडलेलं ते तोंड दिसलं.

"देवी नाय ती!" ती किंचाळली. "आईला साखरेचा आजार हाय! सुई घेते ती! साखर उतरलीय, ती मरेल काकी, मरेल!" आणि तिने यमुनाबाईंच्या हाताला कडकडून चावा घेतला.

पकड सुटली. मनस्वी घरात धावली. काय द्यायचं? पुरणपोळ्या टोपलीत होत्या, पण दातखीळ बसायला आलेल्या बाईला पोळी कशी चारायची? घशात अडकली तर? आणि मग तिला ते दिसलं. देव्हाऱ्यापुढे पाटावर देवीचा नैवेद्य झाकून ठेवला होता. केळीच्या पानावर पोळी, भात, आणि वाटीत नारळाचा रस, गूळ घालून काढलेला. आईने पहाटे तेवढा एकच वाटीभर काढला होता, बाकीचा पालखी गेल्यावर काढायचा होता.

देवीच्या आधी नैवेद्याला हात लावायचा नाही. आप्पांची एक चुलती म्हणे लहानपणी नैवेद्यातली वडी खाऊन बसली आणि तिसऱ्या दिवशी गेली. ही गोष्ट मनस्वीने शंभर वेळा ऐकली होती आणि ती तिला खरी वाटायची, या घटकेलाही वाटत होती. मी घेतला तर माझं काय होईल? आणि आईला दिला तर आईचंच काही होईल का? एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तोवर वाटी तिच्या हातात होती.

दीपाली खळ्यात बसलेली होती, यमुनाबाई तिला मागून धरून. मनस्वीने वाटी ओठाला लावली. दीपालीने तोंड फिरवलं. पुन्हा लावली. दीपालीने लेकीच्या थोबाडीत मारली, अशी की कानात शिट्टी वाजली. अर्धा रस सांडला.

"गिळ आई. एक घोट. गिळ ना गो."

"तोंड उघड, दीपाले!" यमुनाबाई एकदम खेकसल्या. सासू ओरडावी तसा आवाज होता तो, आणि सवयीने दीपालीचं तोंड उघडलं. एक घोट गेला, दुसरा गेला. तिसरा हनुवटीवरून ओघळला, तो मनस्वीने बोटाने गोळा करून आत गालाला लावला.

मग वाट बघणं. ते सगळ्यात वाईट. ढोल आता खरंच जवळ येत होते. मनस्वी आईच्या डोळ्यांकडे बघत होती. यमुनाबाई तळवे चोळत होत्या आणि चावलेल्या हाताकडे बघतही नव्हत्या. "इतकी वर्सं शेजारी ऱ्हातंय मी," त्या म्हणाल्या. "मला सांगायचा नाय? मी काय परकी? आता मी बाबूचा इचारीत बसल्ये आनि ही मेली असती तर, बाय माजे, मला कंच्या नरकात जागा मिळाली असती?" त्या रागावल्या होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. बहुधा दोन्ही.

दहा-बारा मिनिटांनी दीपालीने डोळे मिचकावले. "मनू," ती म्हणाली. "रांगोळी कुणी पुसली?"

मनस्वीने टोचून बघितलं. ब्याऐंशी. तेव्हा कुठे तिचे हात कापायला लागले.

पुढचं यमुनाबाईंनी निस्तरलं. अर्धी पोळी मोडून दीपालीला बळेच चारली, तोंड धुवायला लावलं, केस बांधले, पानावर दुसरा नैवेद्य वाढला. रसाच्या वाटीत नुसतं नारळाचं दूध ओतलं. "गूळ कुठं गेला घरातला?" त्यांनी विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. "ऱ्हाऊ दे. देवीला सांगीन मी. बायमानूस हाय ती, समजंल."

साडेअकराला पालखी खळ्यात आली. गुलालाने लाल झालेला विनोद पुढच्या दांड्याला खांदा देऊन होता, त्याने बायकोकडे बघून हसून मान हलवली. त्याला काय ठाऊक! पालखी नाचली, टेकली. दीपालीने ओटी भरली. तांदूळ घालताना तिचे हात थरथरत होते. बायकांना वाटलं, भक्तीने.

मग रघू गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. मागे शंभर माणूस, ढोलवाले, खेळे, मुंबईकर पोरं, सगळे टोप्या सावरून.

"बाय माजे आदिमाये! आज ह्या तुज्या मानकऱ्याच्या दारात आलीस..."

"व्हय म्हाराजा!" शंभर गळ्यांनी एकदम साथ दिली.

"ही तुजी लेकरा हायत, काय चुकला माकला असंल ता पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

रघूने रिवाजाप्रमाणे आप्पांकडे वळून विचारलं, घरचं काय गाऱ्हाणं हाय? आप्पा दरवर्षी सांगायचे तेच सांगणार होते, सगळा बरा हाय, अशीच राखण कर. ते घसा खाकरत होते, तेवढ्यात संस्कृती पुढे झाली. कोणाच्या कमरेखालून ती आली ते कळलंच नाही. पालखीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून ती बोलायला लागली, शाळेत कविता म्हणतात तशी, भराभर, न थांबता.

"देवी, गोड मी टाकलं. आप्पा म्हणाले आईला इष हाय, म्हणून सगळं इहिरीत टाकलं. ताईच्या डब्यांतलं पण, स्टुलावर चढून. तुझ्या ताटातलं नि पोळ्यांच्या टोपलीतलं नाय टाकलं, ते तुझं होतं. मला नव्हतं माहीत आई पडेल. आईला नेव नको. मला ने."

पुढच्या ओळीतले लोक दगडासारखे झाले. पण मागच्यांना काय ऐकू येणार? त्यांना एवढंच कळलं की कोणीतरी बोललं आणि थांबलं. थांबलं की काय म्हणायचं ते त्यांच्या बापजाद्यांपासून ठरलेलं.

"व्हय म्हाराजा!" साठ-सत्तर गळे एकदम गरजले.

संस्कृतीचा चेहरा पांढरा पडला. तिने हळूच मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

"नाय!" मनस्वी ओरडली. आवाज इतका मोठा होता की ढोलवाल्याची टिपरी खाली पडली. ती गर्दीतून घुसली, संस्कृतीला दांड्यापासून ओढून छातीशी धरलं आणि पालखीकडे तोंड करून ओरडत राहिली. "नाय म्हाराजा! नाय! ही नाय, आई नाय, कुणीच नाय!"

 आप्पा मटकन पायरीवर बसले. त्यांचा हात हवेतच राहिला, जणू कालची ती थट्टा त्यांना परत घ्यायची होती आणि ती हाताला लागत नव्हती. दीपाली पुढे आली. पदर डोक्यावर घेऊन, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "मला साखरेचा आजार हाय. सहा वर्सं झाली. सुई घेतंय मी. उपास केला ती माजी चूक. पोरींची नाय."

कोणीतरी कुजबुजलं. यमुनाबाईंनी मागे वळून बघितलं, कुजबुज थांबली. विनोद मान खाली घालून दांड्यापाशी उभा होता. रघू गुरवाने पुन्हा हात जोडले आणि आयुष्यात कधी घातलं नव्हतं तसलं गाऱ्हाणं घातलं. पोराचं बोलणं पोराचं समज, ह्या माउलीला औषधाचा गुण येऊ दे, आनि ह्या दोन लेकरांच्या उरावरची भ्या काढ. लोकांनी साथ दिली. या वेळी आधी नीट ऐकून.

पालखी पुढच्या घराला गेली. विनोद खांदा दुसऱ्याला देऊन घरीच थांबला. दुपारी आई जेवली, आकडा एकशे तीस आला, आणि ती भिंतीला टेकून झोपली. यमुनाबाई साखरेचा डबा ठेवून गेल्या. मनस्वी पडवीत बसली होती. संस्कृती तिच्या मांडीत, अंग अजून थंड.

"ताई. तू पण आईच्या छातीवर हात ठेवतेस ना? झोपताना?"

मनस्वीने तिच्याकडे बघितलं.

"तू इकडून ठेवतेस," संस्कृती म्हणाली. "मी तिकडून."

 दोन वर्षं मनस्वीला वाटत होतं की या घरात जागी ती एकटीच आहे.

"ताई, ते सगळे व्हय म्हणाले."

"त्यांना ऐकू आलं नव्हतं बाळा."

"देवीला आलं असेल."

"मी नाय म्हटलं ना मग. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं."

संस्कृतीने विचार केला. दूर कुठेतरी, चौथ्या नाहीतर पाचव्या घरात, ढोल वाजत होते आणि लोक एका सुरात साथ देत होते. ती साथ ऐकू आली की तिची बोटं मनस्वीच्या दंडात रुतत होती.

"परत म्हण," ती म्हणाली.

मनस्वीने म्हटलं. पुढच्या घराचं गाऱ्हाणं सुरू झालं, तिने पुन्हा म्हटलं. पालखी नदीपार जाईपर्यंत ती म्हणत राहिली.